दोन मार्कांनी हुकलेला डॉलर

ज्याला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला अठ्ठावन्न टक्के पडले आहेत, त्याने नाणी गोळा करू नयेत. पोस्टाची तिकिटं करावीत, काडेपेट्यांचे छाप करावेत, गेला बाजार जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे रचावेत. नाण्यांच्या छंदात मार्क असतात, आणि मार्क म्हटले की फर्स्ट क्लासच्या दारात अडकलेला माझ्यातला तो मुलगा उठून बसतो. त्या वेळी मी रीतसर फी भरून रिव्हॅल्युएशनचा अर्ज केला होता. विद्यापीठाने सवडीने कळवलं, ‘नो चेंज’. ते दोन शब्द मी मनाला लावून घेतले नाहीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

मार्क देण्याची ही पद्धत विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार पाडणारा तो हाच. १९४९ साली त्याने अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या सेंटांवर पुस्तक काढलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. मुळातला हिशेब भाबडा होता : एक मार्काचा सेंट एका डॉलरला मिळत असेल, तर सत्तर मार्कांचा सत्तर डॉलरला. बाजाराने हा हिशेब लवकरच मोडीत काढला, मोजपट्टी मात्र ठेवून घेतली. १९७७ साली शेल्डन वारला आणि मागाहून उघडकीला आलं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले सरस सेंट उचलून हा गृहस्थ तिथे आपले निरस सेंट ठेवून येत असे. मार्क कसे द्यायचे हे ज्यांनी ठरवलं, तेच उत्तरपत्रिका बदलत होते. मला तेव्हाच काय ते समजायला हवं होतं, पण मी मोजपट्टीच्या आकड्यांतच गुंतलो होतो.

कारण आकडे फार ओळखीचे निघाले. साठ आणि त्यापुढे ‘मिंट स्टेट’, म्हणजे टांकसाळीतून निघालेलं आणि व्यवहारात न फिरलेलं नाणं. साठच्या खाली सगळी वापरलेली नाणी. त्यांतल्या सगळ्यांत वरच्या पायरीला म्हणतात ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, थोडक्यात ‘एयू’, आणि तिथले आकडे पन्नास, त्रेपन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न. मग एकदम साठ. एकोणसाठ नाहीच. ग्रेस मार्कांची सोय नसलेली परीक्षा अमेरिकेसारख्या उदार देशात कशी काय खपते, कोण जाणे.

तर न्यू जर्सीतल्या एका प्रदर्शनात मला १८८६ सालचा न्यू ऑर्लिन्सचा मॉर्गन डॉलर दिसला. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, वर चिठ्ठी : एयू ५८. मी जागच्या जागी थबकलो. बाजूच्या टेबलांवर याहून देखणी नाणी होती, पण ती फर्स्ट क्लासवाली. त्यांना माझी गरज नव्हती.

मॉर्गन डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेचं मुखवट आहे. शिल्पकार जॉर्ज मॉर्गनने त्यासाठी १८७६ साली फिलाडेल्फियाच्या ॲना विल्यम्स या तरुणीला समोर बसवलं होतं. ती पुढे शिक्षिका झाली. म्हणजे आपल्या भाषेत विल्यम्सबाई. जन्मभर मुलांना मार्क देणाऱ्या बाईंना मेल्यावर त्यांच्याच गालावरच्या ओरखड्यांवरून मार्क मिळावेत, हा न्याय मला पटेना. शिवाय हे १८८६ आणि मागे न्यू ऑर्लिन्सचं ‘ओ’ अक्षर असं जोडनाव म्हणजे भलतंच प्रकरण. त्या वर्षी तिथे एक कोटी सात लाखांवर डॉलर पाडले गेले. वापरलेला हवा तर कुणीही आणून देईल. न वापरलेला मागितला की दुकानदार आधी तुमच्या बुटांकडे बघतो. अठ्ठावन्न आणि साठ यांच्यामधल्या दोन मार्कांत किंमत कित्येक पटींनी उडी मारते.

घरी येऊन मी टेबललॅम्प लावला, बाकीचे दिवे घालवले आणि पाच पटींचं भिंग डोळ्याला लावलं. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की चकाकीचे दोन पट्टे पृष्ठभागावरून गोल फिरतात. याला ‘कार्टव्हील’ म्हणतात. नाणं हातोहाती फिरलं, की उंचवट्यांवर हे पट्टे तुटतात आणि तिथे मळकट राखाडी डाग दिसतो. बाईंच्या कानावरचे केस सपाट होते, मान्य. मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवरची पिसंही सपाट. पण न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचं काम ढिलं. ठसा नीट उठायचाच नाही. केस झिजले नव्हते, मुळात उमटलेच नव्हते! सपाट जागेवरसुद्धा पट्टा तुटत नव्हता. निदान मला तरी तो तुटताना दिसत नव्हता. बाईंच्या डोळ्याखाली एक तिरपी बारीक खोच होती आणि कडेला ताऱ्यांच्या मागे तपकिरी चंद्रकोर. त्या खोचेकडे आणि चंद्रकोरीकडे मी इतक्या रात्री बघत बसलो की पुढे ती दोन्ही झोपेतही ओळखली असती.

मी बायकोला बोलावलं. तिला डिस्टिंक्शन आहे, त्यामुळे या विषयात तिचं मत मी एरवी विचारत नाही. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, “बाई दमलेल्या दिसतायत.”

“ते सोड. झिजलंय का उमटलं नाहीये?”

“दोन्हींत फरक काय?”

“दोन मार्कांचा!”

ती भिंग टेबलावर ठेवून कुकरच्या शिट्ट्या मोजायला निघून गेली.

आता या डब्यांविषयी. पूर्वी नाणं किती चांगलं हे विकणारा सांगायचा आणि तो अर्थातच चांगलंच सांगायचा. यावर उपाय म्हणून तिऱ्हाईत परीक्षक आले. १९८६ मध्ये पीसीजीएस सुरू झाली, १९८७ मध्ये एनजीसी. त्याआधीपासून एएनएसीएस होतीच, आणि नंतर बारक्या कितीतरी. तुम्ही नाणं पाठवायचं, दोन-तीन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता काही सेकंद ते बघायचं, आकडा ठरवायचा आणि नाणं डबीत कायमचं बंद. पुढे या परीक्षकांचेही परीक्षक निघाले : २००७ साली आलेली सीएसी ही कंपनी इतरांनी मार्क दिलेलं नाणं तपासायची आणि मार्क रास्त वाटले तर डबीवर हिरवा स्टिकर चिकटवायची. पुढे तिनेही स्वतःच मार्क द्यायला घेतले. माझा डॉलर यांपैकी कुणी डबीत घातला होता, ते सांगत नाही. मी त्यांना पहिली कंपनी म्हणतो आणि जिच्याकडे दाद मागितली तिला दुसरी. दोघींकडे वकील आहेत. माझ्याकडे भिंग आहे.

एका कंपनीच्या डबीतलं नाणं दुसऱ्या कंपनीच्या डबीत जाण्याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. विद्यापीठाच्या अर्जापेक्षा हा अर्ज फार सभ्य असतो. त्यात एक रकाना असतो : किमान किती मार्क मिळाले तर डबी बदलायची? म्हणजे परीक्षेच्या आधी आपणच निकाल लिहून द्यायचा! असा रकाना माझ्या विद्यापीठात असता तर मी आज कुठल्या कुठे असतो. मी तिथे ठसठशीत ‘६०’ लिहिलं. मग जरा विचार केला, आणि परीक्षकांना स्फूर्ती यावी म्हणून आकड्याला अधोरेखित केलं.

आमच्या नाण्यांच्या क्लबात एक निवृत्त पोस्टमास्तर येतात. गोरे, शांत, आणि दुसऱ्याच्या पैशांची काळजी वाहणारे. ते म्हणाले, “डबी बदलली नाही तरी फी घेतात हं.” मी म्हटलं, “बदलेल.” ते म्हणाले, “जायचं-यायचं रजिस्टर्ड टपाल, विमा, सभासदत्व...” मी म्हटलं, “साठ पडल्यावर सगळं वसूल.” त्यांनी मान डोलावली. ही मान डोलावण्याची लकब त्यांनी चाळीस वर्षं टपालाच्या खिडकीत बसून कमावली असावी.

दुसऱ्या कंपनीकडून डॉलर परत आला तो जुन्याच डबीत. सोबत तीन इंग्रजी शब्द : ‘डिड नॉट क्रॉस’. आडनाव बदललं, तरी वळण तेच. नो चेंज.

पण या खेपेला मी विद्यार्थी राहिलो नव्हतो. मला व्यवस्था कळत होती. परीक्षकांना नाणं कुठे दिसलं? त्यांना दिसली जुनी डबी आणि तिच्यावरचा अठ्ठावन्नाचा आकडा. ज्याच्या पेपरावर आधीच्या परीक्षकाने लाल शाईने मार्क लिहून ठेवलेत, त्याला नवीन परीक्षक जास्त कसे देईल? हा निकाल नाण्याचा नव्हताच, डबीचा होता. तेव्हा डबी फोडायची आणि बाईंना उघड्या चेहऱ्याने, पूर्वग्रहाविना परीक्षेला बसवायचं. या प्रकाराला ‘क्रॅकआउट’ म्हणतात आणि तो करणारे लोक आहेत. त्यांतले काही यावर पोट भरतात.

ध्वनिलहरींनी सांधलेलं ते प्लास्टिक नखाने उघडत नाही. मी गॅरेजमध्ये टॉवेल पसरला, डोळ्यांना चष्मा लावला आणि खिळे उपटायची पक्कड डबीच्या कोपऱ्याला लावून दाबली. काही झालं नाही. आणखी दाबली. कोपऱ्याचा तुकडा उडून कपाळाला लागला आणि डबी जशीच्या तशी. मग हातोडी. दुसऱ्या घावाला डबी दुभंगली, बाई पांढऱ्या कड्यातून निसटल्या, टॉवेलावर उभ्या राहिल्या आणि कडेवर घरंगळत निघाल्या. सव्वाशे वर्षांत ज्यांना कुणी पाडलं नाही असं मी छाती ठोकून सांगत होतो, त्या सिमेंटच्या फरशीच्या दिशेने! मी टेबलावरून पालथा झेपावलो. नाणं जुन्या पायपुसण्यावर पडलं, मी फरशीवर. भिंगाने तपासलं : बाईंना नवीन काही लागलं नव्हतं. माझं कोपर वेगळ्या श्रेणीत गेलं होतं.

डबीतली चिठ्ठी पहिल्या कंपनीला परत पाठवायची असते. कुठलं नाणं, किती मार्कांचं, असे किती नग आपण डब्यांत घातले याची या कंपन्या जनगणना ठेवतात. फोडलेलं नाणं त्यातून वजा व्हायला हवं. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली. ‘उद्या पाठवू’ या विभागात.

आता दुसऱ्या कंपनीकडे पार्सल जातंच आहे, तर त्यातली आणखी एक जागा रिकामी का ठेवा? मी देव्हाऱ्यातला रुपया काढला. १९१८ सालचा, मुंबई टांकसाळीचा. मागच्या बाजूला खालच्या फुलाजवळ तो बारीक ठिपका आहे. २००३ साली अमेरिकेला निघालो तेव्हा आईने हातात ठेवला होता, लक्ष्मीपूजनाला लागेल म्हणून. शंभरी उलटलेलं नाणं भारताबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, पण तेव्हा त्याला शंभरी गाठायला पंधरा वर्षं कमी होती. माझ्या आयुष्यात वेळेवर झालेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक.

या दोन नाण्यांचं नातं सांगायचं राहिलं, आणि ते माझ्या कुठल्याही नात्यापेक्षा मजेदार आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक चांदीचे रुपये दडवू लागले आणि नोटा घेऊन रुपये मागायला सरकारच्या दारात उभे राहिले. सरकारकडे चांदी नव्हती. ब्रिटनने अमेरिकेला साकडं घातलं. १९१८ च्या एप्रिलमध्ये नेवाडाचे सिनेटर पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला आणि अमेरिकेच्या तिजोरीत पडून असलेले २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. एका डॉलरच्या चांदीत बरोबर सव्वादोन रुपये निघतात. कुठल्या सालचे, कुठल्या टांकसाळीचे डॉलर वितळले याची नोंद कुणी ठेवली नाही. पण तिजोरीतले डॉलर म्हणजे बहुतांशी थैल्यांत पडून राहिलेले, कोरे. माझ्या बाईंच्या साठ-सत्तर मार्कांच्या सख्ख्या बहिणी त्यांत गेल्या असतील आणि म्हणून अठ्ठावन्नवाल्या या एकट्या मागे उरल्या असतील, असं मी मनाशी धरून चाललो. एका देशाच्या डबीतून काढून दुसऱ्या देशाच्या डबीत घालण्याचा हा जगातला सगळ्यांत मोठा क्रॉसओव्हर. २७ कोटी नाणी, आणि एकही परत आलं नाही.

एवढा इतिहास मी परीक्षकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून पार्सलमध्ये घातला. बायको म्हणाली, “पुरवणी जोडलीस?” मी उत्तर दिलं नाही. परीक्षेतसुद्धा मला पुरवण्यांनीच तारलं होतं, जेवढं तारलं तेवढं.

निकाल लागला. बाईंना पंचावन्न.

मी चिठ्ठी उलटी धरून पाहिली. पंचावन्न उलटे केले तरी साठ होत नाहीत. डबीत होत्या तेव्हा अठ्ठावन्न, उघड्या चेहऱ्याने गेल्या तर तीन मार्क आणखी कमी. आणि रुपयाला तर आकडाच नाही. त्याच्या डबीवर ‘डीटेल्स’, पुढे शेरा : ‘क्लीन्ड’. या धंद्यात याच्याइतकी वाईट शिवी नाही. नाणं घासलं की मूळ पृष्ठभाग गेला, आणि तो गेला की मार्क द्यायचे कशाला?

मी आईला पुण्याला फोन लावला. “आई, कंपनी म्हणते तो रुपया घासलेला आहे.”

“मग? न घासता पुजेला ठेवू?”

“तसं नाही गं, त्याने नाण्याची किंमत जाते.”

“अरे, तुझ्या आजीने दरवर्षी घासला, मी घासला. दंतमंजन लावून. तुझ्याकडे वीस वर्षं आहे, तू घासलास ना?”

मी गप्प बसलो. भिंगाखाली मी काय काय पाहिलं होतं ते आईला सांगण्यात अर्थ नव्हता : ‘वन रुपी’ या अक्षरांच्या खोबणीत बसलेलं कुंकू, आणि त्यावरून एकाच दिशेने गेलेल्या शेकडो केसाएवढ्या रेघा. त्यातल्या अलीकडच्या, जरा तिरप्या रेघा कुणाच्या, हेही मला दिसलं होतं. मी डावखुरा आहे.

“आणि त्यांनी काळा पडलेला चालला असता?” आईने विचारलं.

“काळा पडलेला जास्त चालला असता. त्याला टोनिंग म्हणतात. जास्त पैसे देतात.”

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, “सूनबाईला फोन दे.”

दोघी काय बोलल्या कळलं नाही. फोन ठेवून बायकोने रुपयाची डबी उचलली, गॅरेजमध्ये गेली आणि पक्कड न वापरता, गाडीच्या चाकाखाली वगैरे न घालता, दाराच्या फटीत धरून ती एका दणक्यात फोडून आली. डिस्टिंक्शन उगाच पडत नाही.

बाईंना मात्र मी घरात ठेवू शकलो नाही. पंचावन्न हा आकडा रोज समोर नको होता. क्लबात विकायला काढलं. पोस्टमास्तरांनी भिंग काढलं, नाणं डबीसकट दिव्याखाली फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि पंचावन्नाच्या भावाने रोख पैसे मोजले. घासाघीस केली नाही. एरवी कॉफीचे सुटे पैसेही परत मागणारा माणूस भाव न करता पैसे मोजतो, याचा अर्थ मी असा लावला की त्यांना माझी कीव आली.

पुढच्या हिवाळ्यात एका लिलावाच्या यादीत १८८६ चा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर दिसला. एमएस ६१. फोटो मोठा करता येत होता. मी केला. डोळ्याखाली तिरपी बारीक खोच. ताऱ्यांच्या मागे तपकिरी चंद्रकोर. आणि डबी? डबी पहिल्या कंपनीची. जिने अठ्ठावन्न दिले होते, तिचीच.

एखाद्याला या जागी संताप आला असता. मी खुर्चीतून उठून ओरडलो, “बघ! मी म्हणत होतो ना!” बायको धावत आली, तिला वाटलं ग्रीन कार्ड आलं. मी तिला पडद्यावर बाईंचा कान दाखवला. झिजलेला नाही! उमटलेला नाही! तज्ज्ञांचं मत!

“म्हणजे तुला साठ मिळाले,” ती म्हणाली.

“एकसष्ट!”

“आणि नाणं पोस्टमास्तरांकडे.”

तपशिलात शिरणाऱ्या माणसांशी वाद घालता येत नाही. मी कंपन्यांची जनगणना उघडून पाहिली. पहिलीच्या पुस्तकात माझ्या अठ्ठावन्नवाल्या बाई अजून हयात होत्या, कारण चिठ्ठी ड्रॉवरमध्ये होती. दुसरीच्या पुस्तकात पंचावन्नवाल्या होत्या. पोस्टमास्तर एरवी टपालात चोख, पण तीही चिठ्ठी त्यांनी पाठवली नसावी. आणि आता एकसष्टवाल्या. एकाच बाई तीन ठिकाणी नांदत होत्या, आणि जगभरचे संग्राहक या आकड्यांवरून हे नाणं किती दुर्मीळ ते ठरवत होते. त्या तिघींपैकी कुणीच माझ्याकडे नव्हती, हे मला बरोबर वाटलं नाही.

मी बोली लावली. कुणीतरी वाढवली. मी वाढवली. शेवटच्या मिनिटाला समोरच्याने एक पायरी चढवली, मी दोन चढवल्या. हातोडा पडला तो माझ्या नावावर, विकली त्याच्या तिपटीहून अधिक किमतीला, वर खरेदीदाराचं वीस टक्के कमिशन वेगळं. क्लबात पोस्टमास्तरांनी माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं, त्यांना कारणही होतं.

पार्सल आलं त्या रात्री मी टेबललॅम्प लावला, बाकीचे दिवे घालवले. बाईंना नव्या डबीत पहिल्यांदाच नीट, निवांत पाहिलं. पट्टे फिरवले. कानावरचे केस पाहिले, गाल पाहिला, गरुडाची छाती पाहिली. पुन्हा गाल पाहिला.

एकसष्ट कसले? बासष्ट आहेत.